सरकारी विभागासाठी मल्टी-क्लाउड: पहिल्या यादीपासून बाहेर पडण्याच्या सरावापर्यंत

बहुतेक सरकारी विभागांत आज दोन-तीन क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेले सर्व्हर आणि साठवण, वापरात असतातच. एका कंत्राटदाराने पोर्टल एकीकडे ठेवलेले असते, दुसऱ्याने मोबाइल ॲप दुसरीकडे, ईमेल तिसऱ्याकडे. पण हे कुणी ठरवून केलेले नसते. त्यामुळे कुठे काय आहे, कुणाच्या खात्यावर आहे आणि उद्या ते बंद पडले तर काय करायचे, याचे उत्तर कुणाकडेच नसते. दोन किंवा अधिक स्वतंत्र पुरवठादारांच्या सेवा एका धोरणाखाली, एका नोंदवहीत आणि एकाच सुरक्षा-नियमावलीखाली आणल्या, तरच त्याला मल्टी-क्लाउड म्हणता येईल.

या विषयात नव्याने आलेल्या अधिकाऱ्याला वा तंत्रज्ञाला सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की माहीत हवी. प्रत्येक प्रणाली दोन्ही क्लाउडवर एकाच वेळी चालवायची नसते. बहुतेक प्रणाली एकाच ठिकाणी चालाव्यात, त्यांचा बॅकअप दुसऱ्या पुरवठादाराच्या ताब्यात असावा, आणि जागा बदलायची वेळ आली तर किती दिवस लागतील हे आधी मोजून ठेवलेले असावे. सरकारी विभागाला मल्टी-क्लाउडचा जो खरा फायदा मिळतो, त्यातला बराचसा एवढ्यातच आहे.

पायरी १: कारण लिहून काढा

‘आपल्यालाही मल्टी-क्लाउड हवे’ एवढ्यावर निविदा काढू नका. कारणे साधारण चार असतात आणि प्रत्येक कारणाची रचना वेगळी होते.

पहिले कारण म्हणजे एकाच पुरवठादाराच्या मुठीत अडकायचे नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१९ मध्ये जेडाय नावाचे क्लाउड-कंत्राट एकट्या मायक्रोसॉफ्टला दिले. त्याची कमाल मर्यादा १० अब्ज डॉलर होती. ते कोर्टकचेरीत अडकले आणि जुलै २०२१ मध्ये रद्द झाले. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्या जागी आलेला करार ॲमेझॉन, गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि ओरॅकल अशा चौघांशी झाला. कमाल मर्यादा ९ अब्ज डॉलर, आणि प्रत्येक कामासाठी चौघांकडून स्वतंत्र प्रस्ताव मागवण्याची सोय. कारण हे असेल तर तुमचा भर तंत्रज्ञानापेक्षा करारावर हवा.

दुसरे कारण, सेवा बंद पडू नये आणि डेटा जाऊ नये. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गुगल क्लाउडवरची खाजगी क्लाउड-यंत्रणा पुरवठादाराकडच्या चुकीच्या संरचनेमुळे पुसली गेली. दोन्ही संस्थांच्या तेव्हाच्या संयुक्त निवेदनानुसार त्याच पुरवठादाराकडे दुसऱ्या भौगोलिक विभागात ठेवलेली प्रतही तिच्याबरोबर गेली. तिसऱ्या पक्षाकडे वेगळा बॅकअप असल्याने निधी सावरला, तरी सदस्यांना सुमारे आठवडाभर खाते पाहता आले नाही. ‘दोन भौगोलिक विभागांत प्रत आहे’ आणि ‘दोन पुरवठादारांकडे प्रत आहे’ यांत किती अंतर आहे, हे या घटनेतून कळते.

तिसरे कारण कायद्याचे असते. डेटा देशात राहिला पाहिजे, किंवा परदेशी सरकारच्या आदेशाखाली येता कामा नये. या दोन अटी एक नव्हेत. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड ॲक्टनुसार अमेरिकी कंपनीच्या ताब्यातला डेटा जगात कुठेही असला, तरी न्यायालयीन आदेशाने तो मागता येतो. सर्व्हर तुमच्याच देशात आहे म्हणून दुसरी अट आपोआप पूर्ण होत नाही. त्यासाठी एन्क्रिप्शनच्या (डेटा सांकेतिक रूपात बंद करण्याच्या) किल्ल्या स्वतःच्या ताब्यात ठेवाव्या लागतात किंवा पुरवठादारच देशी निवडावा लागतो.

चौथे कारण म्हणजे एखादी विशिष्ट सेवा, जसे नकाशे, भाषांतर किंवा मोठे विश्लेषण, एका पुरवठादाराकडे सरस असते. हे कारण सर्वात सोपे आहे. तेवढीच सेवा तिकडून घ्या, बाकी हलवू नका.

पायरी २: काय आहे त्याची यादी

विभागाकडे कागदावर असलेली प्रणालींची यादी बहुधा अपुरी असते. लपलेल्या प्रणाली शोधायच्या चार जागा आहेत: विभागाच्या डोमेनच्या डीएनएस नोंदी (नाव कोणत्या सर्व्हरकडे जाते ते सांगणाऱ्या), गेल्या १२ महिन्यांची देयके, फायरवॉलचे (नेटवर्कवर पहारा देणाऱ्या यंत्रणेचे) लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, आणि सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीचे सार्वजनिक लॉग. यातली शेवटची जागा बहुतेकांना ठाऊक नसते. विभागाच्या डोमेनखाली काढलेली जवळपास सर्व टीएलएस (संकेतस्थळाची ओळख पटवणारी) प्रमाणपत्रे तिथे दिसतात आणि विसरलेली उपडोमेन त्यातून सापडतात.

प्रत्येक प्रणालीसमोर किमान एवढे लिहा: मालक अधिकाऱ्याचे पद, डेटाचे वर्गीकरण, डेटाबेसचा प्रकार आणि आवृत्ती, साठा किती टेराबाइट, महिन्याला वाढ किती, कोणत्या इतर प्रणालींशी बोलते, परवाने कुणाच्या नावावर, आणि दोन वेळा. पहिली वेळ म्हणजे प्रणाली बंद राहिलेली किती तास चालेल. दुसरी म्हणजे शेवटच्या किती मिनिटांचा डेटा गेलेला चालेल. पहिलीला आरटीओ म्हणतात, दुसरीला आरपीओ. तंत्रज्ञांना विचारून या वेळा ठरवू नका. ज्या अधिकाऱ्याची सेवा आहे त्याने त्या लिहून सही करावी. सगळ्यांनी ‘शून्य’ लिहिले तर शून्याचा खर्च सांगा आणि पुन्हा विचारा.

अवलंबित्वाच्या रकान्यावर जरा जास्त वेळ घालवा, कारण स्थलांतरानंतरच्या पहिल्या दिवशीचे बहुतेक घोटाळे तिथूनच येतात. नमुन्याचा प्रसंग असा: पोर्टल नव्या क्लाउडवर गेले, पान उघडते, पण नागरिकाला ओटीपी येत नाही. कारण एसएमएस पुरवठादाराने जुना आयपी पत्ताच मान्यताप्राप्त यादीत ठेवलेला असतो. पेमेंट गेटवेचे तसेच, बँकेला जाणाऱ्या रोजच्या फाइलचेही तसेच. बाहेर जाणारा प्रत्येक आयपी पत्ता, तो कुणाच्या यादीत नोंदलेला आहे आणि बदलायला त्यांना किती दिवस लागतात, हे आधी लिहून ठेवा. दुसरी नेहमीची अडचण वेळेची. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेवर चालतात. मध्यरात्रीला नेमलेले काम भलत्याच तासाला सुरू होते आणि त्या दिवशीचा अहवाल अर्धवट निघतो.

पायरी ३: तीन गट करा

पहिला गट: एका क्लाउडवर चालणाऱ्या आणि दुसरीकडे बॅकअप असलेल्या प्रणाली. यात बहुतांश यादी जाते.

दुसरा गट: एका क्लाउडवर चालू आणि दुसऱ्यावर छोट्या आकारात तयार ठेवलेली प्रतिकृती. डेटा सतत तिकडे जात राहतो आणि गरज पडली की आकार वाढवून काही तासांत सेवा उभी करता येते. आणीबाणीचे दूरध्वनी, आरोग्य नोंदी, वेतन व निवृत्तिवेतन अशा मोजक्या प्रणाली इथे बसतात.

तिसरा गट: दोन्हीकडे एकाच वेळी चालू. हा गट रिकामा राहिला तरी बिघडत नाही. निकालांची स्थिर पाने, सूचना-संकेतस्थळे, डीएनएस यांना तो शोभतो. जिथे डेटाबेसमध्ये सतत लेखन होते, तिथे दोन क्लाउडमधला विलंब आणि दोन्हीकडे एकाच नोंदीत झालेला वेगवेगळा बदल, या दोन्ही गोष्टी सांभाळणारा संघ बहुतेक विभागांकडे नसतो.

नवख्या लोकांची इथे एक ठरलेली चूक होते. ॲप एका क्लाउडवर आणि त्याची लॉगिन-व्यवस्था किंवा डेटाबेस दुसऱ्यावर ठेवून ‘आता आपण जास्त सुरक्षित’ असे मानले जाते. हिशेब उलटा आहे. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे ३० दिवसांत ४३ मिनिटे बंद. दोन अशा सेवा एकमेकींवर अवलंबून ठेवल्या तर मिळून ९९.८ टक्के उरतात, म्हणजे ८६ मिनिटे. दोघींपैकी कोणतीही एक पुरेशी असेल तेव्हाच उपलब्धता वाढते. दोघीही लागत असतील तर ती घटते. एका कामात लागणारे घटक शक्यतो एकाच क्लाउडवर, एकाच भौगोलिक विभागात ठेवा.

पायरी ४: करार

क्लाउडचे पैसे वापरावर लागतात आणि सरकारी तरतूद वर्षाची ठरलेली असते. ठोक रकमेची निविदा इथे बसत नाही. चालणारी पद्धत म्हणजे दोन ते चार पुरवठादारांशी दर-करार, एकूण खर्चाला कमाल मर्यादा आणि प्रत्येक कामासाठी स्वतंत्र कार्यादेश. ब्रिटनची २०१२ मध्ये सुरू झालेली सरकारी क्लाउड-खरेदीची जी-क्लाउड पद्धत याच तत्त्वावर आहे. दर नेमके लिहून घेण्यापेक्षा ‘पुरवठादाराच्या जाहीर दरावर अमुक टक्के सूट’ असे लिहा. जाहीर दर उतरले तर फायदा तुम्हालाही मिळतो, आणि करारानंतर आलेल्या नव्या सेवाही त्याच सूत्रात येतात.

कोणत्या पुरवठादाराला घ्यायचे यासाठी अनेक देशांनी आधीच तपासून ठेवलेल्या याद्या आहेत. अमेरिकेत २०११ पासून फेडरॅम्प आहे. भारतात सरकारी क्लाउडच्या मेघराज उपक्रमाखाली इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय एसटीक्यूसी या आपल्या चाचणी-प्रमाणन संस्थेच्या लेखापरीक्षणानंतर पुरवठादारांना सूचीबद्ध करते. मात्र यादीत कंपनीचे नाव आहे म्हणून तिची प्रत्येक सेवा आणि प्रत्येक डेटा सेंटर मान्य झाले असे नसते. तुम्ही वापरणार ती सेवा, त्या ठिकाणासह, मान्यतेत आहे का ते तपासा. माहिती सुरक्षेच्या आयएसओ २७००१, २७०१७ आणि २७०१८ प्रमाणपत्रांवरची व्याप्तीची ओळही तशीच वाचा.

करारात पुढील कलमे नसतील तर सही करू नका.

• मुख्य खाते विभागाच्या नावे. मूळ प्रशासक खात्याचा ईमेल पदनामाचा असावा. कंत्राटदाराचा किंवा कुणा व्यक्तीचा नसावा. कंत्राटदार बदलताना सर्वात जास्त त्रास इथेच होतो. खाते त्याच्या नावे असेल तर डेटा तुमचा असूनही दार त्याच्या हातात राहते.

• बाहेर पडण्याचा काळ किमान ९० दिवस. त्या काळात सेवा जुन्याच दराने चालू राहील आणि डेटा खुल्या स्वरूपात मिळेल.

• डेटा बाहेर नेण्याचे शुल्क. गुगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०२४ च्या सुरुवातीला सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकांचे हे शुल्क माफ करण्याची घोषणा केली. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून त्यानुसार पुरवठादार बदलण्याचे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून पूर्ण बंद होईल. पण सेवा सोडताना मिळणारी माफी आणि रोजच्या वापरातली डेटा-वाहतूक वेगळी. दोन क्लाउड एकमेकांशी रोज बोलणार असतील तर त्याचा दर स्वतंत्र लिहून घ्या.

• घटना कळवण्याची मुदत. भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. तुमच्यावर ६ तासांचे बंधन असेल आणि पुरवठादार तुम्हाला ७२ तासांनी सांगणार असेल, तर नियम तुम्हीच मोडाल.

• सेवास्तर मोडल्यास काय मिळणार. बहुतेक करारांत पुढच्या देयकात थोडी वजावट एवढेच मिळते, नागरिकांच्या खोळंब्याची भरपाई मिळत नाही. हे आधीच समजून घेऊन बंद काळाची तयारी स्वतः करा.

पायरी ५: पाया, आणि त्यात आधी ओळख

पहिली प्रणाली हलवण्यापूर्वी दोन्ही क्लाउडवर रिकामा पाया बांधावा लागतो: खाती, ओळख, नेटवर्क, लेबले, लॉग. घाईत हाच टप्पा गाळला जातो आणि नंतर चालू प्रणालींखालून तो बांधणे फार महाग पडते.

सर्वात आधी ओळख. कर्मचाऱ्यांची एकच ओळख-निर्देशिका ठेवा आणि दोन्ही क्लाउडवर एसएएमएल किंवा ओआयडीसी या प्रवेश-मानकांनी तिथूनच प्रवेश द्या. प्रत्येक क्लाउडवर वेगळी वापरकर्ता-नावे तयार केलीत, की बदली झालेल्या माणसाचे एक खाते बंद होते आणि दुसरे वर्षानुवर्षे उघडे राहते. प्रोग्रामना कायमच्या किल्ल्या देऊ नका. अल्पकाळ चालणारे टोकन देणारी वर्कलोड आयडेंटिटी फेडरेशन तिन्ही मोठ्या पुरवठादारांकडे आहे. आणि ही निर्देशिकाच बंद पडली तर? प्रत्येक क्लाउडवर दोन आणीबाणीची खाती ठेवा, त्यांची हार्डवेअर सुरक्षा-किल्ली तिजोरीत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि ती वापरली गेल्यास लगेच इशारा जाईल अशी सोय करा.

नेटवर्कमध्ये पहिल्याच दिवशी पत्त्यांची वाटणी करा. उदाहरणार्थ (तिरप्या रेघेनंतरचा आकडा लहान तितका पत्त्यांचा गट मोठा) जुन्या डेटा सेंटरला १०.०.०.०/१२, पहिल्या क्लाउडला १०.३२.०.०/१२, दुसऱ्याला १०.६४.०.०/१२. दोन्हीकडे सहज सुचणारा १०.०.०.०/१६ घेतला गेला, की पुढे त्यांना जोडता येत नाही आणि एका बाजूचे सगळे पत्ते बदलावे लागतात. छोटे उपनेटवर्क आखताना लक्षात ठेवा की ॲमेझॉन आणि अझ्यूर (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) प्रत्येकी ५ पत्ते स्वतःसाठी राखतात आणि गुगल ४. रचनेतही फरक आहे: ॲमेझॉनवर उपनेटवर्क एकाच उपलब्धता-क्षेत्रात (भौगोलिक विभागातल्या एका स्वतंत्र डेटा सेंटर-समूहात) असते, तर अझ्यूर आणि गुगलवर ते संपूर्ण भौगोलिक विभागात पसरते. एकाचा आराखडा दुसऱ्यावर जसाच्या तसा उतरवला तर तो चुकतो.

दोन क्लाउड आयपीसेक बोगद्याने (एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीने) जोडल्यावर हमखास येणारी एक अडचण सविस्तर सांगण्यासारखी आहे. पिंग जाते, लॉगिन होते, लहान प्रश्नांची उत्तरे येतात, पण मोठी फाइल किंवा लांब अहवाल मागितला की जोडणी लटकते. कारण पॅकेटच्या, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याच्या, आकारात असते. ॲमेझॉनच्या अंतर्गत नेटवर्कवर ९००१ बाइटपर्यंत पॅकेट चालते, अझ्यूरवर नेहमीचे १५००, गुगलवर मूळ मूल्य १४६०, आणि बोगदा त्यातूनही काही बाइट घेतो. मोठे पॅकेट वाटेत टाकले जाते आणि ‘लहान पाठव’ सांगणारा आयसीएमपी संदेश कुणीतरी फायरवॉलवर अडवलेला असतो. उपाय दोन: तो संदेश अडवू नका, आणि बोगद्याच्या टोकांवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) १३५० च्या आसपास बांधून टाका.

प्रत्येक साधनाला लावलेल्या नाव-मूल्याच्या लेबलांशिवाय देयक वाचता येत नाही. विभाग, प्रणाली, वापराचा प्रकार (चाचणी की प्रत्यक्ष सेवा), खर्च-शीर्ष आणि मालक ही पाच पुरेत. सर्व नावे लहान लिपीतल्या रोमन अक्षरांत, अंकांत आणि आडव्या रेघेत ठेवा. गुगलच्या लेबलांना मोठी अक्षरे चालत नाहीत, ॲमेझॉन लहान-मोठ्या अक्षरांना वेगळे मानते, आणि अझ्यूर लेबलाच्या नावात हा फरक मानत नाही पण मूल्यात मानते. हा नियम नंतर लावायला गेलात तर हजारो नोंदी हाताने दुरुस्त कराव्या लागतात. लेबल नसलेले साधन तयारच होऊ नये, असे धोरण लावा.

लॉग मात्र दोन्ही क्लाउडबाहेर, तिसऱ्या ठिकाणी एकत्र करा. हल्लेखोराने प्रशासक-हक्क मिळवले तर तो आधी त्याच क्लाउडवरचे लॉग पुसतो.

हे सगळे हाताने बटणे दाबून न करता टेराफॉर्म किंवा ओपनटोफूसारख्या साधनाने कोड म्हणून लिहा. याबद्दलचा एक गैरसमज मात्र काढून टाका. भाषा एक असली तरी ॲमेझॉनसाठी लिहिलेला कोड अझ्यूरवर चालत नाही, प्रत्येक क्लाउडसाठी तो वेगळा लिहावाच लागतो. शिवाय या साधनाच्या स्थिती-फाइलमध्ये पासवर्ड उघड्या स्वरूपात असू शकतात, म्हणून ती एन्क्रिप्ट करून, मोजक्या लोकांच्याच हाती ठेवा. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिसचेही तेच. कंटेनर, म्हणजे ॲपचा बांधलेला संच, कुठेही चालतो, पण डिस्क, लोड बॅलन्सर आणि हक्क यांची जोडणी प्रत्येक ठिकाणी निराळी. त्याच्या एका आवृत्तीला मूळ प्रकल्पाकडून साधारण १४ महिनेच दुरुस्त्या मिळतात, तेव्हा ‘एकदा बसवले, पाच वर्षे पाहायला नको’ या हिशेबाने ते घेऊ नका.

पायरी ६: पहिली प्रणाली हलवा

पहिली निवड मध्यम आकाराची, नागरिकांना दिसणारी पण दोन तास बंद राहिली तरी चालणारी असावी. अगदी निरुपयोगी प्रणाली निवडलीत तर काही शिकायला मिळत नाही.

आधी वेळ मोजा. ५० टेराबाइट डेटा १ गिगाबिट प्रतिसेकंद जोडणीवरून पाठवायला, जोडणी पूर्ण भरून चालली तरी ४.६ दिवस लागतात. प्रत्यक्षात ७० टक्के वेग धरला तर साडेसहा दिवस. तेवढ्यात नवा डेटा साठतोच, म्हणून एकदा पूर्ण प्रत आणि मग फक्त बदल, असे दोन टप्पे करा.

डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर लॉजिकल रेप्लिकेशनने (बदल सतत पलीकडे पाठवण्याच्या सोयीने) चालू अवस्थेत प्रत घेता येते. इथे तीन खाचा आहेत. ज्या टेबलला प्राथमिक किल्ली (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा रकाना) किंवा पर्यायी ओळख नाही, त्यावर रेप्लिकेशन सुरू करताच मूळ डेटाबेसवरचे बदल आणि खोडणे नाकारले जाऊ लागते, म्हणजे चालू सेवाच अडते. टेबलच्या रचनेतले बदल आपोआप पलीकडे जात नाहीत, म्हणून त्या आठवड्यात रचना गोठवा. आणि सीक्वेन्सची मूल्ये पलीकडे जात नाहीत. पाच लाख अर्ज आलेले असतात, नव्या बाजूचा क्रमांक-मोजणारा अजून १ वर असतो, आणि बदलानंतरचा पहिलाच अर्ज ‘क्रमांक आधीच आहे’ म्हणून परत फिरतो. बदलाच्या क्षणी सर्व सीक्वेन्स पुढे सरकवण्याची स्क्रिप्ट हाताशी ठेवा.

बदलाच्या किमान दोन दिवस आधी डीएनएस नोंदीचा टीटीएल (इतर सर्व्हरांनी ती किती काळ साठवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा. आयत्या वेळी आणून उपयोग नाही, कारण जुना मोठा टीटीएल जगभरच्या सर्व्हरांनी आधीच साठवलेला असतो. परतीची वाटही ठेवा: बदलानंतर नव्याकडून जुन्याकडे उलटे रेप्लिकेशन काही दिवस चालू ठेवा. ते नसेल तर तिसऱ्या दिवशी परत फिरणे म्हणजे तीन दिवसांचे अर्ज गमावणे.

डीएनएस स्वतः एकाच क्लाउडवर असेल तर बाकी सगळी तयारी वाया जाऊ शकते. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया विभागात डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेची डीएनएस नोंद बिघडली आणि जगभरातल्या असंख्य सेवा तासन् तास अडल्या. डीएनएस नोंदी पुरवणारे नेमसर्व्हर दोन स्वतंत्र पुरवठादारांकडे ठेवा.

पायरी ७: बॅकअप, आणि तो उघडून पाहणे

सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या देजॉन शहरातल्या राष्ट्रीय माहिती संसाधन सेवेच्या डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी प्रणाली बंद झाल्या. सर्वात मोठे नुकसान सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवणाऱ्या जी-ड्राइव्हचे झाले: ८५८ टेराबाइट, आणि बाहेर कुठेही प्रत नाही. साठा फार मोठा आणि यंत्रणा संथ, म्हणून बाहेर बॅकअप घेतलाच नव्हता. हिशेब केला तर १ गिगाबिटवर एवढ्या डेटाला सलग ८० दिवस लागतात, १० गिगाबिटवर ८. एकदा हे ८ दिवस सोसले की पुढे रोजचा बदलच न्यावा लागतो. साठा मोठा आहे ही अडचण खरी असते, पण ती सुटणारी असते.

तीन प्रती, दोन प्रकारच्या साठवणीवर, एक बाहेर, हा जुना नियम इथेही पाळा, आणि ‘बाहेर’ म्हणजे वेगळा पुरवठादार, वेगळे प्रशासक, वेगळे पासवर्ड. बॅकअपवर न पुसता येण्याचे कुलूप लावा. ॲमेझॉनच्या ऑब्जेक्ट लॉकचा कम्प्लायन्स प्रकार लावला की मुदत संपेपर्यंत मूळ प्रशासकही फाइल पुसू शकत नाही. खंडणीसाठी डेटा अडकवणाऱ्या रॅन्समवेअरविरुद्ध हेच हवे असते. पण चाचणीच्या डेटावर चुकून १० वर्षांची मुदत लावलीत तर १० वर्षे भाडे भरावे लागेल, म्हणून आधी ७ दिवसांच्या मुदतीने करून पाहा.

स्वस्त साठवण निवडताना परत मिळायला लागणारा वेळ वाचा. ॲमेझॉनच्या सर्वात स्वस्त डीप आर्काइव्हमधून नेहमीच्या पद्धतीने फाइल मिळायला १२ तासांपर्यंत लागतात, अझ्यूरच्या आर्काइव्हमधून १५ तासांपर्यंत. गुगलची आर्काइव्ह फाइल लगेच उघडते, पण किमान ३६५ दिवसांचे भाडे लागते, तर पहिल्या दोघांकडे १८० दिवसांचे. सही केलेल्या कागदावर ‘४ तासांत सेवा सुरू’ लिहिले असेल आणि बॅकअप १२ तासांच्या साठवणीत असेल, तर तो कागद निरर्थक आहे.

एन्क्रिप्शनच्या किल्लीचीही प्रत बाहेर हवी. डेटा दुसऱ्या क्लाउडवर आणि तो उघडणारी किल्ली पहिल्याच क्लाउडच्या किल्ली-सेवेत, अशी रचना बऱ्याच ठिकाणी सापडते. पहिला बंद पडला की दुसरीकडचा बॅकअप वाचता येत नाही.

दर तीन महिन्यांनी एक प्रणाली निवडा आणि तिचा बॅकअप दुसऱ्या क्लाउडवर पूर्ण उभा करा. घड्याळ लावा. शेवटच्या अर्जाचा क्रमांक, एकूण नोंदी आणि एखाद्या जोडलेल्या दस्तऐवजाचे उघडणे तपासा. डेटाबेस परत येतो पण नागरिकांनी जोडलेले फोटो आणि पीडीएफ वेगळ्या साठवणीत राहून गेलेले असतात, हे याच चाचणीत सापडते.

पायरी ८: देयक दरमहा वाचा

तरतुदीच्या ५०, ७५ आणि ९० टक्क्यांवर इशारे लावा, पण इशारा खर्च थांबवत नाही हे ध्यानात असू द्या. वाया जाणारा पैसा बहुधा ठरावीक जागी असतो: सर्व्हर काढल्यावर मागे राहिलेल्या डिस्क, न वापरलेले सार्वजनिक आयपी पत्ते, रात्री आणि सुटीच्या दिवशीही चालू असलेले चाचणी-सर्व्हर, आणि दोन क्लाउडमधली डेटा-वाहतूक. एक किंवा तीन वर्षांच्या हमीवर मोठी सूट मिळते; ती किमान सहा महिन्यांच्या वापराचे आकडे हाती आल्यावर आणि नेहमी लागणाऱ्या किमान वापरापुरतीच घ्या. तीन वर्षांची हमी देऊन बसलेला विभाग कागदावर मल्टी-क्लाउड असला तरी जागचा हलू शकत नाही.

माणसांचा खर्च वेगळा धरा. प्रत्येक क्लाउडसाठी विभागाच्या स्वतःच्या आस्थापनेवर किमान दोन जाणकार हवेत, कारण एकाची बदली होतेच. तेवढे मनुष्यबळ नसेल तर दुसरा क्लाउड फक्त बॅकअपपुरता ठेवा. तो निर्णय पूर्णपणे योग्य आहे.

पायरी ९: बाहेर पडण्याचा सराव

वर्षातून एकदा पहिल्या गटातली एक प्रणाली खरोखर दुसऱ्या क्लाउडवर हलवा आणि लागलेले दिवस, पैसा आणि अडलेल्या जागा नोंदवा. पुरवठादाराची खास डेटाबेस किंवा रांग-सेवा (प्रणालींमधले संदेश रांगेत ठेवणारी) वापरली असेल तर सर्वाधिक वेळ तिथे जातो. ॲमेझॉनची डायनॅमोडीबी किंवा मायक्रोसॉफ्टची कॉसमॉस डीबी वापरू नये असे नाही. वापरताना नस्तीवर एवढेच लिहावे, की ती सोडायला अंदाजे किती मनुष्य-महिने लागतील आणि ते मान्य करून निर्णय घेतला आहे.

जुनी जागा सोडताना क्रम पाळा. आधी डेटा पूर्ण आल्याची तुलना, मग कायद्याने ठेवावयाचे लॉग बाहेर काढणे, मग किल्ल्या नष्ट करणे, पुरवठादाराकडून डेटा पुसल्याचे लेखी प्रमाणपत्र, आणि खाते बंद. डीएनएस नोंदी मात्र साधन काढण्याआधी काढा. विभागाच्या उपडोमेनची सीनेम नोंद (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी) बंद केलेल्या साठवणीकडे किंवा ॲपकडे बोट दाखवत राहिली, तर तेच नाव दुसरा कुणीही त्या क्लाउडवर नोंदवू शकतो आणि सरकारी पत्त्यावर स्वतःचे पान, अगदी वैध टीएलएस प्रमाणपत्रासह, दाखवू शकतो. खाते बंद झाल्यानंतर आठवड्याने संपूर्ण डीएनएस यादी पुन्हा चालवून पाहा आणि उत्तर न देणारी प्रत्येक नोंद त्याच दिवशी काढून टाका.